मशिदीत किती जमतात?

इस्रायलमध्ये दिमोनाला आत्याच्या स्वयंपाकघराला लागून एक अरुंद गॅलरी आहे. तिथे कपडे धुण्याच्या यंत्रामागे एक मोरळी भिंतीला टेकवून उभी केलेली आहे. पाटाचं लाकूड काळं पडलंय आणि पात्याला गंज चढलाय, पण टोकाला असलेल्या खवणीचे दाते अजून बोटाला लागतात. ही मोरळी १९६३ साली रेवदंड्याहून आली. नेगेवच्या वाळवंटात तेव्हा नारळाचं झाड सोडाच, बाजारात नारळ पाहायलाही मिळत नव्हता. अशा ठिकाणी माझ्या आजीने नारळ खवायची मोरळी का नेली, यावर आमच्या घरात तीन मतं आहेत.

लोदचे काका म्हणतात, आईला कुणी सांगितलंच नव्हतं. जिथे माणसं तिथे नारळ, एवढंच तिला ठाऊक होतं. आत्याला हे अजिबात पटत नाही. तिच्या मते आईला सगळं माहीत होतं. पण मोरळी तिच्या नागावच्या माहेरची होती, आणि मागे ठेवली तर तिच्यावर कोण बसेल हे तिला बघवलं नसतं. माझे बाबा मात्र सांगायचे की चूक त्यांचीच. सामान बांधताना त्यांनीच ती गोणपाटात गुंडाळली, आणि मग पुढे दोन पत्रांत आजीने लिहिलं की ही परत ने.

बाबा २०१६ साली गेले. त्यांच्या कपाटात आजीची पत्रं निघाली, निळे एअरोग्राम, एकूण ११२. मी सगळी वाचली. मोरळी परत ने असं त्यांत कुठेही नाही. मोरळीचा उल्लेखच नाही. मग बाबांना ते आठवत कसं होतं? २०१९ च्या जानेवारीत मी ती पत्रं पिशवीत घालून दिमोनाला निघाले, त्याला निमित्त या एका प्रश्नाचं होतं. तिथे गेल्यावर मोरळी बाजूला राहिली.

आमची माणसं कोण, हे आजही ठाण्यात कुणाला सांगायचं झालं की दहा मिनिटं जातात. बेने इस्राएल. कोकणातले यहुदी. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली, ही आमची मूळकथा. ती किती जुनी याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण नवगावची दफनभूमी आहे आणि तिथे स्मारकही आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी बैल सोडायचा, घाणा बंद ठेवायचा. म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. आडनावं गावांची पडली: किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, चेऊलकर. हिंदी चित्रपटांतले डेव्हिड हे त्यांतलेच एक चेऊलकर. प्रार्थनास्थळाला आम्ही मशीदच म्हणतो. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिली बांधली, आणि मशीद बंदर स्थानकाचं नाव तिच्यावरून पडलं असं आमची म्हातारी माणसं छातीठोकपणे सांगत.

सणांची नावं तर ऐकण्यासारखी. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या सुतकाचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. आणि वर्षातला सर्वांत मोठा उपवास, ज्याला जग योम किप्पूर म्हणतं, तो आमच्याकडे दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. या दिवशी पितर घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात अशी जुन्या बायकांची श्रद्धा. हे सगळं हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८९७ साली लिहून ठेवलं. त्यांचं पुस्तक छापून निघालं ते चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. माणसं जायच्या आधी त्यांचं पुस्तक तिकडे पोचलं होतं, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

आजीचा जन्म नागावचा. साल? ती सांगायची, मानमोडीच्या साथीत मी पाळण्यात होते. म्हणजे १९१७ किंवा १९१८. इस्रायलच्या कागदावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९१५ आहे. दाखला नसलेल्या अनेकांना तिकडे १ जानेवारी हीच तारीख मिळाली. आत्याच्या मुली दर वर्षी त्या दिवशी केक आणायच्या आणि आजी तो मुकाट खायची. माझ्या आतेबहिणीला अजून वाटतं की सावताचा वाढदिवस १ जानेवारीलाच. हिब्रूत आजीला सावता म्हणतात. पहिल्यांदा फोनवर तिने ‘आमची सावता’ म्हटलं तेव्हा मला अरणचा सावता माळी आठवला, आणि एवढ्या दूरच्या भाषेत हा शब्द भेटला म्हणून उगाच बरं वाटलं.

नागावला तिच्या वडिलांचा घाणा होता आणि मागे नारळ-सुपारीची वाडी. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन ती आली रेवदंड्याला, अंतर थोडंच. कोटाच्या आत घर, पलीकडे कुंडलिकेचं मुख. आजोबा पोस्टात होते. १९५७ साली ते गेले तेव्हा माझे बाबा एकोणीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते ठाण्याला कारखान्यात लागले. आजी, काका आणि आत्या रेवदंड्यालाच राहिली.

या काळाबद्दल तिघांच्या आठवणी एकमेकींना धरून आहेत, हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे तसं होत नाही. पहाटे आजी ओसरीवर बसून वाल सोलायची. वाल रात्रभर भिजायचे, मग फडक्यात बांधून मोड यायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून काढायचा. हात चालायचे आणि तोंडाने एलियाहू हनबी या प्रेषिताचं गाणं. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, कारण मांसाशी जनावराचं दूध चालत नाही. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्याच दुधात. माडाच्या आधाराशिवाय आमचा धर्म स्वयंपाकघरात पाळताच आला नसता असं आत्या म्हणते. आणि मग क्षणभर थांबून म्हणते, ‘तिकडे गेल्यावर तो पाळायला सोपा झाला आणि जेवायला अवघड.’

शुक्रवारी संध्याकाळी पुरुष मशिदीत जायचे. आजी बाहेरच्या पायरीवर उभी राहून मोजायची.

ही मोजणी कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांवरचे. दहा नसले तर तोरा, आमचा धर्मग्रंथ, बाहेर काढता येत नाही, काही प्रार्थना म्हणता येत नाहीत. मेलेल्यांसाठीचं कदीशही म्हणता येत नाही. नऊ असले आणि दहावा अलिबागहून एसटीने येणार असला तर सगळे त्याच्यासाठी थांबतात. बाईची गणती होत नाही, पण मोजायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. नवरा गेल्यावर तर त्याच्या कदीशसाठी दहा जमणं ही तिची स्वतःची गरज झाली.

मग ती का गेली?

बाबा म्हणायचे, धर्मासाठी. पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेणाऱ्या बाईला जेरुसलेम दिसायला लागलं तर ती जाणार नाही? काका म्हणतात, माझ्या नोकरीसाठी. मॅट्रिक झालो होतो, मुंबईत वणवण करत होतो, तिकडे कारागिरी शिकवून कामाला लावत होते. आत्या म्हणते, माझ्या लग्नासाठी. तोलामोलाची घरं एकेक करून निघून चालली होती, मुलगा बघायचा कुठे? तिन्ही उत्तरं खोटी नाहीत. फक्त प्रत्येकाच्या उत्तरात तो स्वतः मध्यभागी आहे. बाबांच्याही. ते राहिले होते, आणि आईने त्यांना सोडून जायला धर्माएवढं मोठंच कारण असलं पाहिजे, ही त्यांची गरज होती.

बाहेरची परिस्थिती अशी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात आमची वस्ती वीस हजारांच्या वर होती. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली, १९५० च्या सप्टेंबरात भारताने त्याला मान्यता दिली, १९५३ साली मुंबईत त्यांची वाणिज्य वकिलात सुरू झाली. आमच्या लोकांना इथून कुणी हाकललं नाही, हे जगभर फिरलेल्या इतर यहुद्यांना सांगितलं तर ते पुन्हा विचारतात. कधीच नाही? कधीच नाही. तरी माणसं निघाली. सुरुवातीला गेलेल्यांचे अनुभव कडू होते. कारकून, परिचारिका, रेल्वेतले कामगार अशा माणसांच्या हाती कुदळ आली, रंगावरून बोलणी ऐकावी लागली. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणून. सुमारे दीडशे जण परत आलेही. आणि त्यांतले बरेचसे काही काळाने पुन्हा तिकडे जायला निघाले. या बातम्या रेवदंड्यापर्यंत पोचत होत्या. म्हणून आजीचं जाणं दहा वर्षं लांबलं, असं काका सांगतात.

जाण्याआधी ती अलिबागजवळच्या खंडाळ्याला गेली. तिथल्या खडकावर एलियाहू हनबीच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापेच्या खुणा आहेत, त्याला एलिया हनबीचा टापा म्हणतात. नवस बोलायचा तर तिथे, फेडायचा तर तिथे. मलिदा केला: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम, भोवती पाच फळं आणि गुलाबाची फुलं. बाबा ठाण्याहून आले होते. परतताना बैलगाडी होती की टांगा, यावर दोघं भावंडं माझ्यासमोर पंधरा मिनिटं भांडली. एक फोनवर लोदहून, एक दिमोनाच्या स्वयंपाकघरातून. मी मध्ये पडले नाही. पन्नास-साठ वर्षांत त्या दिवसाबद्दल ती एकमेकांशी बोललीच नव्हती, हे भांडण ऐकताना माझ्या लक्षात आलं.

सांताक्रूझहून विमान. लोदच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या बसमध्ये बसवलं आणि रात्रीच दक्षिणेला नेलं. त्या काळी नव्याने आलेल्यांना थेट नव्या गावांत पोचवायची पद्धत होती. दिमोना वसून तेव्हा आठच वर्षं झाली होती. १९५५ साली पहिली कुटुंबं आली ती मोरोक्कोची. पुढे तिथे कापडाचे कारखाने निघाले, आणि मुंबईच्या गिरण्या पाहिलेली आमची पुष्कळ माणसं त्यांत खपली.

काका सांगतात, बस थांबली आणि आई उतरेना. चहूकडे काळोख, मध्येच चार दिवे, झाड म्हणून नाही. ड्रायव्हरने हाका मारल्या, कुणीतरी येऊन समजावलं, पण आई पदर डोक्यावरून घेऊन बसून राहिली. आत्या सांगते, साफ खोटं. आई सगळ्यांत आधी उतरली, हातात मोरळीचं गोणपाट घेऊन. बसमध्ये रडत बसले होते ती मी, आणि मला हाताला धरून खाली ओढलं ते दादाने. काका हे ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, ‘असेल. पण मला आईच दिसते.’

मी दोघांचंही लिहून घेतलं. एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या रात्री आपली आई घाबरलेली दिसली, कारण घाबरायला त्याला स्वतःला परवानगी नव्हती. सोळा वर्षांच्या मुलीला आई ताठ चालताना दिसली, कारण तिला तेवढाच आधार होता. आजी प्रत्यक्षात काय करत होती ते त्या रात्रीच्या काळोखात राहिलं.

पुढच्या वर्षांत तपशील भरपूर आहेत, आणि ते बहुतेक खाण्याचे आहेत. तळ्यातला कार्प मासा मिळायचा, त्याच्या चिखलाच्या वासाने आजीला मळमळायचं. खारं वारं नाही, कोकम नाही, ओलं खोबरं नाही. पहिली ओळखीची वस्तू सापडली ती कोथिंबीर. खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाईच्या हातात जुडी दिसली आणि आजी, नऊवारीत, जिन्यावरून धावत खाली गेली. मोरोक्कन स्वयंपाकातही कोथिंबीर लागते. त्या बाईने जुडी अर्धी मोडून दिली. त्या दिवसापासून दोघींचं येणंजाणं सुरू झालं, आणि तिच्याकडून शिकलेलं मुरवलेलं लिंबू आजीच्या हातचं म्हणून आमच्या आतेबहिणी आज करतात. मोहरी-हिंगाची फोडणी घालून.

वाल ठाण्याहून जायचे. सुकं खोबरं, आमसुलं, जायफळ, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानातून. बाबांनी पाठवलेल्या वालांतले मूठभर तिने इमारतीपुढच्या मातीत पेरले. आत्या म्हणते, वेल आला, शेंगा धरल्या. काका म्हणतात, काही उगवलं नाही. यावर पत्रात मात्र पुरावा आहे, १९६५ च्या मार्चचा: ‘वेल खांद्याएवढा झाला आहे. भांड्यांचे पाणी त्यालाच घालते. शेंगा लागल्या तर तुला बी पाठवीन.’ म्हणजे रेवदंड्याचा वाल दिमोनाला वाढवून त्याचं बी परत ठाण्याला पाठवायचा तिचा बेत होता. शेंगा लागल्या की नाही, पुढच्या पत्रात काही नाही.

तिने काम केलं बालवाडीत, मुलांना जेवू घालायचं. पाच वर्षांच्या मुलांकडून ती हिब्रू शिकली, म्हणून तिची हिब्रू शेवटपर्यंत लहान मुलांची राहिली असं आतेबहीण सांगते. ती कुणालाही अधिकारवाणीने काही म्हणू शकत नसे. तिची वाक्यं अशी असत: मला दे. हे नको. पडशील. मराठीत चार माणसांत तिचा शब्द चालायचा हे त्या नातवंडांना कधी कळलंच नाही. हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि नंतर ते दिवसभर गेलं नाही. मी त्या रात्री आतेबहिणीला काही पत्रं वाचून दाखवली, आत्याने हिब्रूत सांगितली. ती म्हणाली, सावता एवढी बोलायची?

मधल्या एका गोष्टीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. तिचा सार्वजनिक इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या लग्नांसाठी अट घातली की आधी वंशावळ तपासायची, आजी-पणजीपर्यंत, आणि शक्य तितकी त्यामागेही. शतकानुशतकं शनिवार पाळून, सुंता करून, घाणा बंद ठेवून आलेल्या माणसांना विचारलं गेलं की तुम्ही नक्की यहुदी आहात का. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून आमची माणसं जेरुसलेममध्ये जमली आणि धरणं धरून बसली. काहींनी उपास केले. सत्याग्रह हा शब्द त्यांना कुणी शिकवायला नको होता. ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेचं, क्नेसेटचं, खास अधिवेशन झालं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल आणि सभागृह यांनी स्पष्ट केलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, त्यांना इतरांहून वेगळं वागवता येणार नाही. धर्मपीठाने त्या महिन्याच्या अखेरीस आदेशातला आमच्या समाजाचा उल्लेख काढला.

आत्या तेव्हा सतरा वर्षांची होती. ती म्हणाली, आई जेरुसलेमला गेली होती धरण्याला. काका म्हणाले, आई दिमोना सोडून कधी एक रात्र बाहेर राहिली नाही, बालवाडी कोण बघणार?

मी पिशवीतून पत्र काढलं. तारीख १९ ऑगस्ट १९६४. आधी नेहमीची ख्यालीखुशाली, मग नेहरूंबद्दल (‘जाऊन तीन महिने होत आले, अजून रेडिओ लावला की वाटते त्यांचा आवाज येईल’), मग हे: ‘जेरुसलेमला सहा दिवस राहून आले. दिवसा ऊन, रात्री गार. आपली पुष्कळ माणसे भेटली. पेणची, पनवेलची, पुण्याची. एवढी माणसे एका जागी मी रेवदंड्यास पाहिली नव्हती. भजन झाले. मी वडिलांचे, त्यांच्या वडिलांचे, त्यांच्या वडिलांचे नाव सांगू शकते. त्यामागचे खंडाळ्याच्या खडकाला माहीत.’

एवढंच. राग नाही, कुणाचं नाव नाही. आत्याने चष्मा काढला. तिचं लग्न तीन वर्षांनी झालं, आमच्यातल्याच मुलाशी, आणि तिला आजवर वाटत होतं की आई तिकडे गेली ती आपल्या लग्नाची वाट मोकळी व्हावी म्हणून. पत्रात तिचा उल्लेख नाही. काकांना मी फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सांगू लागले की त्या सहा दिवसांत जेवायला खालच्या मोरोक्कन बाईकडे जात होतो, आत्ता आठवलं, रोज कुसकुस असायचं.

माझी स्वतःची आठवण एकच. १९७९ च्या हिवाळ्यात व्हिसाची पुष्कळ खटपट करून आजी आली होती. मी सहा वर्षांची. ठाण्याच्या घरात ती पाटावर बसली आहे, समोर शहाळं, आणि पाणी पिऊन झाल्यावर ती शहाळ्याची मलई बोटाने काढून मला भरवते आहे. मला ती मलई आवडली नव्हती आणि थुंकायची भीती वाटत होती. हे मला नक्की आठवतं. आत्याकडच्या अल्बममध्ये या प्रसंगाचा फोटो निघाला. त्यात आजीच्या मांडीवर मी नाही, माझा धाकटा भाऊ आहे. मग तोंडात अजून येते ती मऊ, कोमट चव कुणाची?

त्या भेटीत ती रेवदंड्याला गेली. बाबा घेऊन गेले. परत आल्यावर ती काय म्हणाली, कसं वाटलं, यावर बाबा कधी बोलले नाहीत.

दिमोनातल्या शेवटच्या दोन दिवसांत घरी मलिदा होता. तू बिश्वात, झाडांचा सण. याच दिवशी हनबी खंडाळ्याच्या खडकावरून आकाशात गेला असं आम्ही मानतो. शेजारपाजारची दहा-बारा घरं जमली. ओलं खोबरं आता गोठवलेलं मिळतं, पाकिटात. ताट सजवून झाल्यावर आत्या आत गेली आणि बुटाचं एक खोकं घेऊन आली. त्यात बाबांची पत्रं होती.

मला हे सुचलंच नव्हतं. आजीची पत्रं ठाण्याला आली म्हणजे उत्तरं दिमोनाला गेली असणार, हे साधं गणित. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोन्ही गठ्ठे तारखांनी लावले. निळ्यावर निळं. एक तिचं, एक त्यांचं.

तिचं पहिलं पत्र, नोव्हेंबर १९६३. मी ते आधी अनेकदा वाचलं होतं, पण उत्तराशेजारी ठेवून नव्हे: ‘तू विचारलेस का चाललीस, तेव्हा मला नीट सांगता आले नाही. गेल्या दारफाळणीला मुंबईची माणसे आली म्हणून निभावले. एरवी पायरीवरून मोजत होते, सात. तुझ्या वडिलांचे कदीश दोन वर्षे रेवदंड्यास झाले नाही. मी गेले नाही. गाव आधी गेले, मी मागून आले. पण येताना तुझ्या भावाला घेऊन आले, म्हणजे सातातला एक मीच काढला. आता सहाच राहिले असतील. तू शुक्रवारी जात जा. मशिदीत किती जमतात ते कळव.’

बाबांचं उत्तर: ‘मी जाऊन आलो. नऊ जमले. पुढच्या खेपेस दहा होतील.’

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पत्रात, ख्यालीखुशाली संपली की शेवटची ओळ तीच. मशिदीत किती जमतात? आणि प्रत्येक उत्तरात आकडा. दहा. अकरा. दहा. नव्याच्या सणाला चौदा. १९६७ साली लढाई झाली तेव्हाही, इकडे १९७१ चा ब्लॅकआउट होता तेव्हाही. बाबांच्या खिशातल्या डायऱ्या मी पाहिलेल्या आहेत. पाळ्या, ओव्हरटाइम, एसटीचं भाडं, सगळं त्यात असायचं. १९६४ पासून पुढे वर्षातून दोन-तीनदाच रेवदंडा. दर शुक्रवारी ते जात नव्हते, जाणं शक्यच नव्हतं. तिथे दहा सोडा, पाच जमतील अशी घरंही उरत नव्हती. आमच्या समाजाची आज भारतात जेमतेम चार-पाच हजार माणसं आहेत, मुख्यतः मुंबई-ठाण्यात. आणि माझे बाबा, ज्यांनी आम्हा भावंडांना शाळेच्या गैरहजेरीसाठी कधी खोटी चिठ्ठी दिली नाही, ते वर्षानुवर्षं कल्पनेतल्या माणसांची मशीद भरवत होते.

मी आत्याला म्हटलं, आजीला हे कळलं नाही हे बरं झालं. तिने गठ्ठ्यातून एक एअरोग्राम काढून माझ्यापुढे सरकवला. आजीचाच. माझ्याकडच्या ११२ मध्ये नव्हता. लिहिलेला, चिकटवलेला, पण टपालात न टाकलेला. फेब्रुवारी १९७२.

‘तू कळवलेस की गेल्या शुक्रवारी अकरा जमले आणि नावेही दिलीस. वाचून आनंद झाला. त्यांतले तुझे मामा त्या शुक्रवारी माझ्याकडे होते. दोन महिने झाले ते बीरशेबाला आले आहेत. पत्र आले तेव्हा ते माझ्या घरी चहा पीत होते. मी त्यांना नावे वाचून दाखवली, त्यांचे सुद्धा. ते हसले नाहीत. म्हणाले, मग मी तिथेही आहे तर.’

त्याखाली बरीच जागा कोरी आहे. हे पत्र तिने पाठवलं नाही. पाठवलं ते मार्चमधलं, साधं. उकाडा लवकर सुरू झाल्याचं, आत्याला दिवस गेल्याचं, वाल संपत आल्याचं. शेवटची ओळ नेहमीची.

बाबांचं त्यावरचं उत्तर एप्रिलचं आहे. ‘वाल पाठवले आहेत, दोन किलो. सोललेले नाहीत. मशिदीत मला धरून दहा.’